सबवूफर घूं करतोय? विकत काही घेण्याआधी आवाज कुठून शिरतोय ते शोधा

चित्रपट थांबवलेला असतो, रिसीव्हरचा (सगळ्या स्पीकरांना सिग्नल पुरवणाऱ्या यंत्राचा) आवाज शून्यावर असतो, तरी कोपऱ्यातल्या खोक्यातून जाड, सलग ‘घूंऽऽ’ चालूच राहतं. दिवसाच्या गलबल्यात ते कळत नाही. रात्री घर शांत झालं की तेवढंच ऐकू येतं, आणि एकदा कान तिकडे गेला की हटत नाही.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. केबल बदला. स्टॅबिलायझर लावा. सबवूफरच बदलून घ्या. अर्थची पिन काढून टाका. पहिल्या तीनमध्ये बहुतेक वेळा पैसे वाया जातात आणि चौथा जिवावर बेतू शकतो. मला इथे एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. नको असलेला आवाज कुठल्या तरी ठरावीक जागेतून आत शिरत असतो, आणि ती जागा घरातल्या घरात, कुठलंही यंत्र न वापरता शोधता येते. जागा सापडली की उपाय बहुधा स्वस्त निघतो, कित्येकदा फुकटही.

## हा आवाज येतो कुठून?

घरातली वीज सरळ वाहत नाही. ती सतत मागे-पुढे हेलकावे घेते, सेकंदाला ५० वेळा. उत्तर अमेरिकेत आणि आणखी काही देशांत ६० वेळा. सेकंदाला किती हेलकावे, हे मोजायचं माप म्हणजे हर्ट्झ. सबवूफर बनवलेलाच असतो साधारण २० ते १२० हर्ट्झमधले आवाज काढायला. म्हणजे विजेचा हेलकावा नेमका त्याच्या पट्ट्यात पडतो. तीच वीज तेवढीच तुमच्या छोट्या स्पीकरांतही शिरत असेल, पण त्यांना ५० हर्ट्झ वाजवताच येत नाही, म्हणून ते निर्दोष वाटतात.

कानाचाही यात भाग आहे. खोल आवाजांना आपला कान बराच बहिरा असतो. निरोगी तरुण कानाला १००० हर्ट्झचा सूर दोन-तीन डेसिबललाच ऐकू येऊ लागतो. १०० हर्ट्झच्या सुराला त्यासाठी साधारण २६ डेसिबल लागतात आणि ५० हर्ट्झला ४४ च्या आसपास. याचा अर्थ, ५० हर्ट्झची घरघर तुमच्यापर्यंत पोहोचतेय तर ती कमी नाही. आणि १०० हर्ट्झची असेल, तर त्याहून कितीतरी कमी ताकदीतही ती छळते.

१०० कुठून आलं? सबवूफरच्या आतल्या अँप्लिफायरला (सिग्नल मोठा करणाऱ्या भागाला) डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, म्हणून तो भिंतीतून येणाऱ्या एसीचा, म्हणजे हेलकावे घेणाऱ्या विजेचा, खालचा अर्धा हेलकावा उलटा करून वर आणतो. त्यामुळे सेकंदाला ५० च्या जागी १०० उंचवटे तयार होतात. ते उंचवटे सपाट करण्याचं काम कपॅसिटर करतात. ते थकले की १०० हर्ट्झ आवाजात डोकावू लागतो. ६० च्या देशात हाच आकडा १२० होतो. यापुढे मी ५० आणि १०० एवढंच लिहितो.

## आधी नीट ऐका

‘आवाज येतो’ एवढ्यावर थांबू नका, कसला येतो ते ठरवा. सलग, गोल, एका सुरातली घरघर असेल तर गाठ विजेशी आहे. तिखट, भुणभुणणारी असेल तरीही विजेशीच, पण तिच्यात वरच्या पट्टीतले सूर मिसळलेले आहेत. घरातला दिवा डिमरने मंद केल्यावर भुणभुण बदलत असेल तर डिमरवर संशय घ्या, कारण तो विजेचा हेलकावा मध्येच कापून दिवा मंद करतो आणि त्या कापाकापीतून वरचे सूर तयार होतात. फ्रिज चालू-बंद होताना ‘ठक्’ वाजत असेल तर तो कॉम्प्रेसरचा झटका. आणि फक्त संगीत चालू असतानाच खडखड किंवा फसफस होत असेल तर विजेला सोडून द्या, त्याचा विचार शेवटी स्वतंत्र केला आहे.

घरघर ५० ची की १०० ची, हे ओळखायला एक छान युक्ती आहे. फोनमध्ये सूर काढणारं कुठलंही ॲप घ्या. फोनच्या स्पीकरवर मात्र वाजवू नका, त्याला ५० हर्ट्झ पेलत नाही. सूर सबवूफरमधूनच, अगदी हळू वाजवा. आधी ५०, मग १००. ज्या सुराला घरघर जुळेल तिथे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून हळूहळू मोठे-लहान होऊ लागतात, ‘वांऽव… वांऽव’ असे. ॲपमधला आकडा ५० वरून ४९.५ वर नेलात तर ही हालचाल वेगाने होईल, ५० जवळ आणलात तर संथ होईल. अशी संथ लाट एकदा ऐकली की शंका उरत नाही.

ढोबळमानाने, ५० चा जोर जास्त असेल तर वीज बाहेरून, केबलच्या वाटेने शिरतेय. १०० चा जोर असेल तर सबवूफरच्या आतला पॉवर सप्लाय तपासायला हवा. याला अपवाद पुष्कळ आहेत, म्हणून यावर निकाल देऊ नका. निकाल पुढच्या चाचणीने लागतो.

## एक एक तार काढत जा

सबवूफर ‘ऑटो’वर असेल तर आधी ‘ऑन’वर करा, नाहीतर सिग्नल नाही म्हणून तो मध्येच झोपी जाईल आणि घरघर थांबल्याचा तुमचा गैरसमज होईल. आता सबवूफर बटणाने बंद करून रिसीव्हरकडून येणारी केबल सबवूफरच्या टोकाला काढा आणि तो परत चालू करा. विजेचा प्लग तसाच राहू द्या.

घरघर थांबली? मग सबवूफर निर्दोष आहे आणि आवाज केबलमधून येतोय. घरघर तशीच आहे? मग दोष सबवूफरमध्ये किंवा त्याच्या विजेत आहे, बाकीची सगळी जोडणी संशयातून सुटली. दोन मिनिटांत अर्धं घर संशयातून मोकळं होतं, म्हणून ही चाचणी पहिली.

इथे बरेच जण फसतात ते असे. केबल सबवूफरच्या बाजूने न काढता रिसीव्हरच्या बाजूने काढतात. मग सबवूफरला लटकलेली ती मोकळी तार अँटेना होऊन हवेतली विजेची कंपनं गोळा करते, घरघर आणखी वाढते, आणि ‘केबल काढूनही आवाज आहे, म्हणजे सबवूफरच खराब’ असा उलटा निष्कर्ष निघतो. केबल नेहमी सबवूफरच्या टोकाला काढा.

आवाज केबलमधून येतोय असं ठरलं की ती परत जोडा आणि रिसीव्हरच्या मागची बाकी सगळी जोडणी काढा: टीव्हीची केबल, सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय, कॉम्प्युटर, गेमिंगचं यंत्र. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. बटणाने वीज तुटते, पण अर्थची आणि केबलच्या जाळीची (आतल्या तारेभोवती विणलेल्या धातूच्या आवरणाची) जोडणी तशीच राहते, आणि गडबड बहुतेक वेळा तिथेच असते. तार प्रत्यक्ष काढा. मग एक एक परत जोडत जा. ज्या तारेला घरघर परत आली, ती तुमची तार. सेट-टॉप बॉक्समध्ये शिरणाऱ्या डिशच्या किंवा केबल टीव्हीच्या जाड तारेवर आधी लक्ष ठेवा, सगळ्यात जास्त वेळा तीच निघते.

आणखी एक खूण. रिसीव्हरचा आवाज वर-खाली केल्यावर घरघरही वर-खाली होते का? होत असेल तर ती रिसीव्हरच्या आधी, एखाद्या सोर्सकडून शिरतेय. होत नसेल तर रिसीव्हरच्या नंतर, म्हणजे सबवूफरच्या केबलमध्ये किंवा सबवूफरमध्ये. सबवूफरच्या मागचं गेनचं बटण (आलेला सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणारं) पूर्ण शून्यावर नेऊनही घरघर तेवढीच राहत असेल तर ती त्याच्या अँप्लिफायरची स्वतःची आहे.

हे सगळं करताना सबवूफरचा प्लग डोळ्यांजवळ धरून पाहा. जवळजवळ सगळीकडे वापरतात तो आरसीए प्लग: मध्ये एक पिन, भोवती धातूचं कडं. पिन कड्याच्या थोडी पुढे आलेली दिसेल. त्यामुळे प्लग खुपसताना आधी पिन टेकते, कडं नंतर. पिनेतून सिग्नल जातो आणि कड्यातून परत येतो, म्हणजे त्या क्षणी जायची वाट जोडलेली आणि परतीची तुटलेली. अँप्लिफायर चालू असेल तर ‘भर्रर्र’ असा दणदणीत आवाज होतो तो यामुळेच, म्हणून केबल लावता-काढताना आवाज आणि गेन शून्यावर ठेवा, खरं तर सबवूफर बंदच करा. कडं ढिलं झालं असेल तर हीच अवस्था कायमची होते: सिग्नल येतोय, परतीची वाट अर्धवट, आणि सतत भुणभुण. प्लग बोटांनी हलवल्यावर आवाज बदलला तर दोष मिळाला. सबवूफर बंद करून, प्लग बाहेर काढून कड्याच्या पाकळ्या पक्कडीने अगदी हलक्या आत दाबल्या की तो घट्ट बसतो. केबलच आतून तुटली असेल तर ती बदलायचीच.

## ग्राउंड लूप म्हणजे काय?

सगळं ठाकठीक असून घरघर येते तेव्हा दोषी बहुधा ग्राउंड लूप असतो. सबवूफर एका भिंतीच्या बोर्डवर, रिसीव्हर दुसऱ्या. दोघांनाही अर्थची पिन आहे, म्हणजे दोघंही भिंतीतल्या तारांनी एकमेकांशी जोडलेले आहेत. वर तुम्ही सिग्नलची केबल लावलीत आणि तिच्या जाळीने ते दुसऱ्यांदा जोडले गेले. झाला वळसा पूर्ण. हाच लूप.

वळसा असण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही ठिकाणच्या अर्थची पातळी तंतोतंत सारखी नसल्याने. गच्चीवरच्या दोन टाक्या पाइपने जोडल्या आणि एकीतलं पाणी बोटभर वर असलं, तर पाइपमधून पाणी वाहणारच. इथे टाक्या म्हणजे दोन अर्थ, पाइप म्हणजे तुमच्या केबलची जाळी, आणि पातळी सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतेय. घरातल्या प्रत्येक उपकरणातून थोडीशी वीज अर्थमध्ये गळत असते, म्हणून हा फरक कधी पूर्ण शून्य होत नाही.

पण जाळीतून थोडा करंट गेला तर सिग्नलला काय त्रास? त्रास असा की आरसीए केबलमध्ये जाळी दोन कामं करते. बाहेरचा गोंधळ अडवते, आणि सिग्नलची परतीची तारही तीच असते. सबवूफर पिन आणि जाळी यांच्यातला फरक मोजतो, आणि तो फरक म्हणजे संगीत असं मानतो. जाळीत घुसखोर करंट आला की तोही त्या फरकात मिसळतो. सबवूफरला दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. जाळीचा रोध ०.१ ओहम आणि लूपमधला करंट १० मिलिअँपिअर धरा. दोन्ही आकडे अगदी साधे आहेत. त्यातून तयार झालं १ मिलिव्होल्ट. संगीताचा सिग्नल या केबलमध्ये साधारण ३०० मिलिव्होल्टच्या पातळीचा असतो. म्हणजे घरघर संगीताच्या ५० डेसिबल खाली. संगीत चालू असताना ती दबून जाईल. चित्रपटातल्या शांत प्रसंगात दबणार नाही.

## अर्थची पिन काढली की आवाज जातो. मग काढू का?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

आवाज जातो हे खरं आहे, म्हणूनच हा सल्ला इतका पसरतो. पिन काढली की वळसा तुटतो आणि घरघर थांबते. पण ती पिन आवाजासाठी बसवलेली नसते. सबवूफरच्या आत एखादी तार सुटून मागच्या धातूच्या पत्र्याला टेकली, तर तो करंट अर्थमधून झपाट्याने वाहून जावा, सर्किट ब्रेकर पडावा किंवा फ्यूज उडावा आणि वीज तुटावी, यासाठी ती आहे. पिन नसेल तर ब्रेकरला काही कळणार नाही. पत्रा जिवंत राहील आणि हात लावणाऱ्याची वाट पाहील. त्याहून वाईट म्हणजे, तो करंट सिग्नलच्या केबलमधून रिसीव्हरच्या पत्र्यावर, तिथून टीव्हीवर जाईल. एका यंत्राची पिन काढून तुम्ही सगळी धोक्यात आणता. तीन पिनांचं दोन करणारं अडॅप्टर लावणं, प्लगमधली हिरवी तार सोडवून ठेवणं, पिनेवर चिकटपट्टी गुंडाळणं, सगळं याच जातीचं. ‘थोडा वेळ तपासण्यापुरतं’ही नको, कारण त्याच वेळी तुमचे हात यंत्रांच्या मागे असतात.

याच्या उलट सुचवला जाणारा उपाय म्हणजे ऑडिओसाठी जमिनीत वेगळी अर्थची सळई ठोकणं. तोही नको. एका घरात एकमेकांशी न जोडलेले दोन अर्थ झाले की त्यांच्या पातळीतला फरक वाढतो, घरघर वाढते, आणि जवळ वीज पडली तर तो फरक तुमच्या यंत्रांमधून वाट काढतो. घराच्या अर्थिंगवर शंका असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ते मोजून आणि दुरुस्त करून घ्या.

## मग वळसा तोडायचा कसा?

पहिला उपाय फुकटचा. सबवूफर, रिसीव्हर, टीव्ही, सगळ्यांची वीज एकाच पॉइंटवरून घ्या, लागल्यास अर्थ असलेल्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवरून. सगळ्यांचे अर्थ एकाच जागी भेटले की पातळीत फरक पडायला फारसा वाव उरत नाही. बोर्डवर लिहिलेली वॅटची मर्यादा पाळा आणि हीटर, इस्त्री तिथे लावू नका. नुसत्या या बदलाने घरघर गेलेली घरं पुष्कळ आहेत, आणि सगळ्यात कमी करून पाहिला जाणारा उपायही हाच.

दोषी तार टीव्हीची निघाली असेल तर तिथे केबल टीव्हीचा आयसोलेटर बसतो. बोटभर लांबीची डबी असते, तिच्यातून चित्राचा सिग्नल जातो पण दोन्ही बाजूंच्या जाळ्या जोडल्या जात नाहीत. डिश असेल तर एक अडचण येते. छतावरच्या डिशला लागणारी डीसी वीज सेट-टॉप बॉक्स याच तारेतून वर पाठवतो आणि साधा आयसोलेटर ती अडवून टाकतो, म्हणजे चित्रच जातं. अशा वेळी टीव्हीच्या तारेला हात न लावता वळसा सबवूफरच्या केबलवर तोडा. विजांपासून रक्षणासाठी डिशला दिलेला अर्थही काढायचा नाही.

सबवूफरच्या केबलवर लावायचा आयसोलेटर म्हणजे आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर. सिग्नल चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तांब्याची जोडणी तुटते. कल्पना उत्तम आहे, पण घेताना पारखून घ्या. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर पडणारा भार आवाज जितका खोल तितका वाढतो. तेवढ्याच व्होल्टेजला २० हर्ट्झवर तो १०० हर्ट्झच्या पाचपट असतो. गाडीतल्या स्टिरिओसाठी मिळणाऱ्या अगदी हलक्या आयसोलेटरचा चिमुकला गाभा तिथे थकतो आणि तुमचा सगळ्यात खोल बास खाऊन टाकतो. घरघर गेली, सोबत सबवूफर घेण्याचं कारणही गेलं. २० हर्ट्झपर्यंत सपाट चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

दोन्ही यंत्रांवर एक्सएलआरचे तीन पिनांचे सॉकेट असतील तर प्रश्नच मिटला. त्यात सिग्नलला स्वतःच्या दोन तारा मिळतात, एक सुलटी, एक उलटी, आणि जाळी फक्त रक्षणापुरती उरते. दोन्ही तारांवर सारखाच चढलेला गोंधळ पलीकडे वजाबाकीत निघून जातो. वायरलेस जोडणीनेही तार मुळातून जाते. तिच्यात आवाजाला किंचित उशीर होतो, तो रिसीव्हरमधलं सबवूफरचं अंतर वाढवून भरून काढायचा.

आणि सिग्नलची तार विजेच्या तारेला चिकटून लांबवर नेऊ नका. दोघींची गाठ पडणारच असेल तर काटकोनात पडू द्या. उरलेल्या केबलचं वेटोळं करून ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला ठेवू नका.

## माझ्या सबवूफरला तर दोनच पिना आहेत

मग अर्थचा वळसा तुमच्याकडे त्या अर्थाने नाही, आणि तरी हलकी घरघर येऊ शकते. दोन पिनांच्या यंत्रातही विजेच्या बाजूकडून पत्र्याकडे किंचित वीज झिरपते. काही यंत्रांच्या धातूवर बोट हलकं फिरवलं की मुंग्या आल्यासारखं वाटतं ते यामुळे. या विजेला परत जायला सिग्नलच्या केबलची जाळी सोडून वाट नसते. प्लग उलटा बसू शकत असेल तर उलटा करून पाहा, झिरप कमी-जास्त होते. जोराचा झटका बसत असेल मात्र ते यंत्र लगेच बंद करा, ती झिरप नव्हे.

## महागडी केबल, पॉवर कंडिशनर यांचं काय?

वरच्या उदाहरणातला ०.१ ओहम आठवा. जाळी जाड आणि केबल गरजेपुरतीच लांब असेल, रोध ०.०२ वर आला, तर तेवढ्याच करंटला घरघर १४ डेसिबलने घटते. हा फरक कानाला स्पष्ट कळतो. म्हणून केबलने फरक पडतच नाही हे म्हणणं चूक आहे. फरक पडतो तो जाड, दाट विणीच्या जाळीने आणि घट्ट बसणाऱ्या प्लगने. सोन्याचा मुलामा किंवा तांब्याची शुद्धता इथे उपयोगाची नाही.

पॉवर कंडिशनर भिंतीतून येणाऱ्या विजेतले वरच्या पट्टीचे गोंधळ गाळतो. अर्थमधून होणारा वळसा तसाच राहतो. तो लावल्यावर घरघर गेल्याचं सांगणारे खोटं बोलत नाहीत. सगळे प्लग एकाच खोक्यात आले, म्हणून ती गेली. साध्या बोर्डनेही तेच झालं असतं.

## केबल काढली, तरी घूं चालूच आहे

आता सबवूफरकडे वळू. आवाज पडद्यातून येतोय की खोक्यातून, ते आधी पाहा. पुढच्या कागदी पडद्यावर बोटांची टोकं अलगद टेकवा. थरथर जाणवली तर आवाज अँप्लिफायरमधून येतोय. पडदा स्थिर आणि मागच्या पत्र्याला हात लावल्यावर गुरगुर जाणवत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा स्वतःच थरथरतोय. थोडी थरथर सगळ्याच ट्रान्सफॉर्मरना असते, तीही १०० हर्ट्झची, कारण गाभा प्रत्येक हेलकाव्यात दोनदा ताणला जातो. अँप्लिफायरचे स्क्रू ढिले असतील तर ती वाढते. स्क्रू आवळून पाहा.

पडदा थरथरतोय, सूर १०० चा आहे, आणि वर्षागणिक तो वाढत चाललाय, अशी लक्षणं असतील तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेत असं समजा. बंद खोक्यातली उष्णता आणि वर्षानुवर्षांचे हादरे त्यांना सोसत नाहीत. खराब झालेल्या कपॅसिटरचा माथा, ज्यावर फुलीच्या रेघा असतात, फुगून वर येतो. कधी बुडाशी तपकिरी ओघळ दिसतो. भाग स्वस्त असतो आणि जाणत्या माणसाच्या हातून दुरुस्ती लवकर होते. स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज बराच वेळ साठून राहते.

## आवाज फक्त संगीत चालू असतानाच येतो

इथे विजेचा संबंध संपला. खोल आवाज खोलीतली प्रत्येक सैल वस्तू हलवतो, आणि तिचा खडखडाट सबवूफरच्या नावावर जातो. त्या ॲपमधूनच २० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर वाजवा आणि खोलीत फिरा. एखाद्या ठरावीक आकड्यावर कपाटाची काच किणकिणू लागेल. तिच्यावर तळहात ठेवा, थांबली की सापडली. काचेच्या खाचेत नमद्याची पट्टी सारली की काम झालं. खिडकीची कडी, फोटोची चौकट, दिव्याचं झाकण, सबवूफरचीच पुढची जाळी, सगळे संशयित याच रीतीने तपासायचे.

फसफस असेल तर सबवूफरला हवेसाठी भोक आहे का पाहा. त्यातून हवा फार वेगाने आत-बाहेर होऊ लागली की ती ऐकू येते. तिचा वेग आवाजाच्या वेगाच्या पाच टक्क्यांच्या, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटरच्या खाली राहावा असा ढोबळ नियम आहे. उपाय एकच, आवाज थोडा कमी करणं.

खरवडल्यासारखा आवाज मात्र दुर्लक्षू नका. सबवूफर बंद करून पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, हळूच आत दाबा. आत काहीतरी घासल्याचं जाणवलं तर तारेचं वेटोळं चुंबकाला टेकतंय. असा सबवूफर वाजवत राहिलात तर ते वेटोळंच जळतं.

आणि एखादाच सूर सगळ्या गाण्यांत ढणाढणा घुमत असेल तर ते खोलीचं गणित आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात अडकून फुगतो. सबवूफर कोपऱ्यात असेल तर आणखी. यावर मला फार आवडणारी एक रीत आहे. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, भरपूर बास असलेलं गाणं लावा, आणि स्वतः गुडघ्यांवर भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐका. जिथे बास सगळ्यात सारखा आणि स्पष्ट वाटेल, तिथे सबवूफर ठेवा. जागांची अदलाबदल केली तरी ऐकू येणारा परिणाम तोच राहतो, म्हणून हे चालतं.

## किती आवाज सोडून द्यायचा?

पडद्याला कान लावल्यावर थोडी घरघर प्रत्येक सबवूफरमध्ये ऐकू येईल. घर शांत असताना नेहमीच्या जागेवर बसून ऐकू आली नाही, तर तिच्या मागे लागू नका.

ऐकू येत असेल तर शेवटचं एक पाहायचं राहतं, ते म्हणजे गेन. कित्येक घरांत सबवूफरचं गेन जवळजवळ पूर्ण उघडलेलं असतं आणि रिसीव्हरमध्ये सबवूफरची पातळी उणे दहा-बारा डेसिबलवर. म्हणजे केबलमधून दुबळा सिग्नल जातो, वाटेत घरघर मिसळते, आणि सबवूफर दोघांना मिळून मोठं करतो. उलट करा: रिसीव्हरमधली पातळी शून्याच्या थोडी खाली राहील इतकी चढवा, आणि बास पूर्वीइतकाच येईपर्यंत सबवूफरचं गेन उतरवा. सिग्नल दहा डेसिबलने चढवलात तर घरघर त्याच्या तुलनेत दहा डेसिबलने खाली जाते. यानंतर रिसीव्हरचं माइक लावून होणारं ऑटो सेटिंग पुन्हा चालवा, कारण जुनं सेटिंग जुन्या गेनवर बेतलेलं होतं. त्याने पातळी परत उणे दहावर नेली तर गेन आणखी थोडं उतरवून ते पुन्हा एकदा चालवा.